पस्तीस वर्षांचा क्रॉस

पासिर रिसच्या बसथांब्यावर रांगेत चैत्रालीच्या पुढे एक मराठी जोडपं उभं होतं. काकांच्या हातातल्या उघड्या डबीत लाल मिनाकाम केलेला क्रॉस होता, जुन्या वस्तूंच्या दुकानातून नुकताच आणलेला.

"रशियाच्या झारच्या काळातला आहे, रत्ना. सेंट व्लादिमीर नावाचं पदक!"

"ज्याला हे मिळालं, त्यानं कुठली लढाई जिंकली होती?"

"लढाई नाही गं. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं नोकरी केली. हा बघ, आकडाच कोरलाय."

"आपल्या लग्नाला किती झाली?"

"पस्तीसच की."

"मग?"

"अगं, पण सेवा बिनतक्रार असावी लागते."

"तुम्ही जहाजावर असताना घर कोणी सांभाळलं?"

"तू."

"कपाटातले तुमचे ते बिल्ले कोण पुसतं?"

"बिल्ले नव्हेत ते, सन्मानचिन्हं आहेत."

"पुसतं कोण?"

"तूच."

"मी कधी तक्रार केली?"

"आत्ता चाललीय ती काय?"

"ही चौकशी आहे."

चैत्रालीनं हसू दाबायला मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. काकांनी डबीतून क्रॉस उचलला आणि काकूंच्या ओढणीकडे हात नेला.

"हलू नकोस, पिन जुनी आहे. हं, लागला. शोभतोय हो तुला! आता घरी गेलं की अलगद काढून ठेव."

"घरी कशाला? आधी मासे घ्यायला जाऊ."

"अगं, शंभर वर्षांचा आहे तो! मासळीबाजारात नेतेस?"

"नेते तर! झारच्या मानकरणीला शिळं पापलेट द्यायची कोणाची छाती आहे, बघतेच!"