अंगावरचं

…नाही हो, मान सरळ ठेवा, नाहीतर एका बाजूचे केस उंदरानं कुरतडल्यासारखे दिसतील आणि नाव माझ्या कात्रीचं जाईल — हां, तर आमचा ढब्बू. दोन वर्षांचा व्हायला आला तरी अंगावर पितो, म्हणून घरात नुसता गहजब. पितो म्हणजे कसा — हातातली गाडी टाकून यायचा, माझा कुर्ता वर करायचा, दोन घोट घ्यायचा आणि परत गाडीवर, जशी काही मी पाणपोई. तोंडभर दात, ताटभर जेवण — आणि वर हे. सासूबाई म्हणाल्या, कडू काढा लाव, आपोआप तोंड फिरवेल. लावला. त्यानं चाटलं, तोंड वाकडं केलं, आत गेला, ओलं फडकं घेऊन आला, मला नीट पुसून काढलं आणि बसला प्यायला. आता अशा पोरापुढे काय डोकं आपटायचं?

मग जाऊबाईंनी युक्ती सांगितली — त्यांची दोन्ही पोरं अशीच सुटली म्हणे — चिकटपट्ट्या लाव आणि सांग, आईला बाऊ झालाय. मला वाटलं, हा पट्ट्याही सोलून काढेल. पण कसचं काय. दुपारी झोपायच्या वेळी आला, कुर्ता वर केला आणि बघतच राहिला. "बाऊ?" म्हणाला. म्हटलं, हो रे, खूप बाऊ. तर त्यानं काय करावं? फुंकर घातली. या बाजूला एक, त्या बाजूला एक. कुर्ता खाली ओढला, वरून थोपटलं — मी त्याला थोपटते ना, अगदी तसं — आणि माझ्या दंडावर गाल टेकून झोपून गेला. रडारड नाही, आदळआपट नाही. सुटलं. जाऊबाईंचे पाय तर अजून जमिनीला लागलेले नाहीत.

बरंच झालं की. मीच तर त्याच्या मागे लागले होते. आता अख्खी झोप, बंद गळ्याचे कपडे, सगळं मोकळं. फक्त अंगाला कोण सांगणार? मध्ये एकदा इथंच, या खुर्चीत बसलेल्या बाईंचं बाळ रडलं आणि कुर्ता माझा ओला. वरून एप्रन होता म्हणून निभावलं. हसा, हसा, मीही हसले.

मग रविवारी — थोडं पाणी मारते हं केसांवर — रविवारी मी पट्ट्या काढून टाकल्या. खाज सुटते हो त्यांनी. ढब्बू समोरच खेळत होता, तर आपलं सहज म्हटलं, ढब्बू, हे बघ, आईचा बाऊ बरा झाला. सहजच. आला तो. निरखून बघितलं, बोट लावून पाहिलं, अगदी खूश झाला. "बला झाला," म्हणाला, आणि बापाला सांगायला धावत सुटला. परत काही आला नाही. मी आपली तशीच, कुर्ता वर धरून बसलेली.

काय म्हणालात? — अहो, खाजेसाठीच काढल्या, सांगितलं ना. — नाही, त्याला हाक कशाला मारली म्हणजे — आपलं…

डोळे मिटा बरं. पुढचे केस कापतेय, डोळ्यांत जातील. मी सांगेपर्यंत मिटलेलेच राहू द्या.