धुतलेल्या गाजरांना माती

...आणि मग तुम्हाला सांगतो, स्वच्छ धुतलेल्या गाजरांना मी परत माती लावत बसलो. हसू नका. शाळेच्या फाटकाबाहेर, टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून, बादलीत माती कालवून, एकेका गाजराला, लहान पोराला पावडर लावावी तशी. शेंड्याला थोडी, मानेला थोडी, फार नाही, फार लागली तर पुन्हा पंचाईत. म्हणजे गाजर खरं, शेत खरं, शेतकरी हा समोर उभा, आणि ते सगळं खरं दिसावं म्हणून... जाऊ दे.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल याचं डोकं फिरलंय. आमच्या मुलीच्या शाळेत दुपारचं जेवण शाळेतच असतं. तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पालकांच्या सभेत उभ्या राहिल्या आणि आवाज असा मऊ करून म्हणाल्या, "आता आपल्या मुलांच्या ताटात थेट शेतातली भाजी येणार. मधे कुणी नाही. शेत... आणि मूल." असे दोन्ही हात पसरले, एका हातात शेत, एका हातात मूल. मी मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लागलेले, कारण बाकं पोरांच्या मापाची, आणि शेजारी मुलगी मला कोपराने ढोसतेय, "बाबा, हात वर कर ना. बाबा, आपलं आहे ना शेत." केला हात वर. बाप आहे, काय करणार?

त्याआधी माझा माल कुठे जायचा? बाजारात एक आडत्या आहे, सगळे त्याला शेठ म्हणतात. वर्षानुवर्षं माझा पालक, माझी गाजरं, सगळं त्याच्या गाळ्यावर. बोलायला खडूस, पण गाडी कधी परत पाठवली नाही हं त्याने. त्याच्याकडे जाऊन, हमालांच्या देखत, मी छाती काढून सांगितलं, "शेठ, आता तुमची गरज नाही. माझी भाजी आता पोरांच्या तोंडात जाणार, तुमच्या गोदामात सुकायला नाही." शेठ चहा पीत होता. म्हणाला, "बरं." एवढंच. मी आपला राजासारखा टेम्पोत येऊन बसलो.

पहिली खेप नेली. सकाळी उपटलेली गाजरं, पाल्यासकट, मातीसकट. मोठ्या बाई धावत बाहेर. "अगं बाई, ही माती बघा, ही माती." गाजर नाकाला लावून वास काय घेतला, पोरांना रांगेत उभं काय केलं, प्रत्येकाने मातीला बोट लावायचं, मग फोटो. मधे मी. शेजारी मुलगी, मान अशी ताठ, "हे माझे बाबा, ही आमची गाजरं." खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले माझे.

मग क्रेट उचलून गेलो स्वयंपाकघरात. तिथे मावशी. एकटी बाई, एक बेसिन, एक नळ, त्या नळाला करंगळीएवढी धार, आणि समोर अख्ख्या शाळेचं जेवण. तिने क्रेटमध्ये बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "हे काय आणलंत?"

म्हटलं, गाजरं.

"गाजरं दिसतायत मला. माती कोण काढणार? तुमच्या मोठ्या बाई?"

"ताजी आहेत हो मावशी."

"असतील. बेसिन तुंबलं की तुमचं ताजेपण घेऊन या इथे, हात घालून काढा."

आणि तुंबलं. मी हात घालून काढलं. तोवर जेवणाची वेळ टळली, भाजी अर्धी कच्ची वाढली, पोरांनी नाकं मुरडली आणि ताटं तशीच सोडून उठली. आता यात कुणाचं काय चुकलं, सांगा तुम्ही मला.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो. मी आणि बायको हौदावर बसून गाजरं घासतोय, बोटं सुरकुतून गेली, आणि ती म्हणते, "शेठला दिली होतीत कधी अशी आंघोळ घालून?" म्हटलं, "शेठकडे आपली पोरगी जेवत नव्हती." त्यावर ती घासायला लागली आणखी जोरात.

नेली. मावशी हसली, पहिल्यांदा त्या बाईचे दात दिसले मला. आणि तेवढ्यात मोठ्या बाई पाहुणे घेऊन दारात, कोटबिट घातलेले, शेतातली भाजी बघायला आलेले. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मला कोपऱ्यात घेतलं. "अहो, ही दुकानातल्यासारखी दिसतायत."

"धुतलीत बाई."

"पण माती कुठे गेली?"

आता माती कुठे जाणार, हौदाच्या तळाशी बसलीय. "पुढच्या वेळी मातीसकटच आणा हं. गाजर जमिनीत येतं हे मुलांना कळायला नको?" तेही बरोबरच. त्यातल्याच एका पोराने मला विचारलं होतं, काका, गाजराचं झाड केवढं असतं? मग बाईंचं तरी काय चुकलं, सांगा तुम्ही मला.

मातीसकट न्यावी तर मावशी कालथा घेऊन उभी, धुऊन न्यावी तर मोठ्या बाई तोंड पाडून उभ्या, अर्धी अशी अर्धी तशी नेली तर दोघी मिळून माझ्यावर उभ्या. म्हणून ही युक्ती. घरी धुवायची. फाटकाबाहेर माती लावायची. फोटो झाला की मागच्या बाजूला, पोरांच्या हात धुवायच्या नळावर परत धुवायची, मग मावशीकडे. इतक्या आंघोळी मी स्वतः करत नाही हो. शिपाई माझ्या डोक्यावर उभा, "ओ शेतकरी, नळ सोडा, पोरं खोळंबलीत." पोरं खोळंबली, मावशी खोळंबली, सकाळी टणक असलेलं गाजर दुपारी वाकायला लागलं. पोरं तेव्हाही टाकूनच उठायची.

माझी मुलगी सोडून. ती खायची. मावशीने सांगितलं मला, "तुमची पोरगी ताट पुसून संपवते हो. मान खाली घालून. बाकीची चिडवतात तिला, मातीवाली म्हणून." घरी येऊन एका अक्षराने बोलली नव्हती. मी विचारायचो, कशी होती भाजी, तर म्हणायची, मस्त.

शेवटी मावशी म्हणाली, ही गाजरं राहतील नाहीतर मी राहीन. बाईंनी मला बोलावलं, खुर्ची दिली, तेव्हाच समजलो. "मुलं उपाशी राहतायत हो. मला फार वाईट वाटतंय." खरंच वाटत होतं त्यांना. भांडायचं कुणाशी? चुकलंय कुणाचं?

आणि गाजरं तर जमिनीत तयार. ती काय थांबतात? गेलो शेठच्या गाळ्यावर. तेच हमाल. टोमणा मारेल म्हणून दात आवळून गेलो होतो. त्याने नुसतं हमालाला सांगितलं, "उतरवून घे." त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन-चार खेपा झाल्यावर एकदा जाता जाता विचारलं, "शेठ, हा माल कुठे जातो हल्ली?"

"शाळेत. तुमच्याच. मशीनमध्ये धुऊन, चिरून, पिशवीत भरून देतो. मावशी खूश आहे."

"आणि मोठ्या बाई? त्यांना माती लागते."

"त्यांना एक टोपली वेगळी देतो, मातीवाली. फोटोसाठी दारात ठेवतात. सुकली की बदलतो."

तर अशी ती माझी गाजरं, माझ्याच शेतातली, शेठच्या गोदामात शिळी होऊन, मशीनमधून निघून, शेवटी पोरांच्या ताटात पोचली.

परवा मुलगी शाळेतून आली, दप्तर फेकलं, उड्या मारतच. "बाबा, आता शाळेत भारी गाजरं येतात. सगळे संपवतात. मला कुणी चिडवत पण नाही."

मी हळूच म्हटलं, "आपल्याच शेतातली असतील गं."

"छे. आपली नाहीत. ही चांगली आहेत."

बायको आतून बघतेय माझ्याकडे, आता हा सांगतो की काय. आलं होतं हो, अगदी जिभेवर आलं होतं. पण सांगितलं की ही उद्या शाळेत मान ताठ करून सांगणार, आणि पोरं परत...

म्हटलं, "बरोबर आहे. शेठची असतील. शेठ माल पारखून घेतो."