कोऱ्या कार्डावरची सही

(कंपाला शहरातलं एक बांधकाम. पत्र्याच्या खोलीतलं ऑफिस, शुक्रवारची सकाळ. परांची बांधणारा सुतार ओपोलोट दारात उभा आहे. कंपनीची सुरक्षा अधिकारी नाकिटो टेबलामागे.)

ओपोलोट : मला बस म्हणू नकोस. हे कार्ड बघ आणि सही कुणाची ते सांग.

नाकिटो : काका, जरा हळू. बाहेर माणसं उभी आहेत.

ओपोलोट : उभी आहेत म्हणूनच ओरडतोय. सही कुणाची?

नाकिटो : माझी.

ओपोलोट : तारीख वाच.

नाकिटो : मंगळवारची.

ओपोलोट : मंगळवारी सकाळी तू तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर चढली होतीस? त्या परांचीचा वासा न् वासा मी बांधलाय, बाई. उजाडल्यापासून मला मागं पाठवेपर्यंत मी शिडीखालीच होतो. तू तर मला दिसली नाहीस.

नाकिटो : नव्हतेच मी इथे. एन्टेबे रोडच्या कामावर होते.

ओपोलोट : मग 'परांची तपासली, चढायला हरकत नाही' हे कुणाच्या भुतानं लिहिलं?

नाकिटो : कार्डावर ते छापलेलंच असतं.

ओपोलोट : आणि तुझी सही? तीही छापलेली असते?

नाकिटो : सोमवारी करून ठेवते. दहा कार्डांवर. कंपनीनं मला तीन कामं दिलीत, काका, तीन. रोज सगळीकडे पोचणं होत नाही. साहेब म्हणाले, सह्या करून ठेवा, तारीख आम्ही टाकू.

ओपोलोट : कोऱ्या कार्डांवर?

नाकिटो : हो.

ओपोलोट : वा! शिकलेली माणसं! मी अंगठेबहाद्दर, पण कोऱ्या कागदावर अंगठा कधी टेकवला नाही. सोमवारी संध्याकाळी तुझ्या त्या साहेबानं तिथल्या दोन फळ्या काढायला लावल्या. का, तर मागच्या स्लॅबला सेंट्रिंग कमी पडतंय. तीन फळ्यांच्या वाटेवर राहिली एक. वीतभर रुंद. मी म्हटलं, ही परांची बंद. शिडीला आडवं लाल फडकं बांधलं. मंगळवारी मला पाठवलं मागच्या अंगाला, उतार बांधायला. परत येतो तर फडकं गायब, त्या जागी तुझं हिरवं कार्ड. आणि खाली पडलेली आपली माल वाहणारी आकितेंग, घमेल्यासकट.

नाकिटो : ती पडली एवढंच कळलं होतं. फडक्याचं आणि कार्डाचं आत्ता कळतंय. देवाशपथ.

ओपोलोट : तिला वाचता येतं, माहितीये? आमच्या सोरोटी गावच्या शाळेत सातवीपर्यंत गेलीये पोरगी. म्हणून तर चढली. न वाचणारी असती तर मला हाक मारली असती. मी आणलं तिला इथं. तिच्या आईला सांगून आणलं, की मी आहे तिथं.

नाकिटो : तुम्हाला काय वाटतं, मला चीड येत नाही? उंचीवर बांधायचे सोळा बेल्ट स्टोअरमध्ये कुलपात आहेत. सोळा! तपासणीला कुणी येणार असलं की बाहेर निघतात, फोटो झाला की परत आत. त्यावर तीन पत्रं लिहिलीत मी. मागच्या पत्रानंतर मला हेड ऑफिसला बोलावून तासभर उभं केलं.

ओपोलोट : पत्रं लिहिलीस. छान केलंस. आणि ज्या हातानं पत्र लिहिलंस त्याच हातानं दहा सह्या केल्यास. तिला पत्र नाही दिसलं, बाई. तिला सही दिसली.

मुगारुरा : काय चाललंय हे? गेटपर्यंत ऐकू येतंय.

ओपोलोट : या, इंजिनिअर साहेब. तुमचंच नाव काढत होतो.

मुगारुरा : ओपोलोट, तू दमलेला आहेस. समजू शकतो. मिस नाकिटो, अकरा वाजता लेबर ऑफिसचा माणूस येतोय. रिपोर्ट तयार आहे, दोघांनी सह्या करून टाका. तुझी साक्षीदार म्हणून, ओपोलोट.

ओपोलोट : वाचून दाखवा.

मुगारुरा : साधाच आहे. 'एक महिला कामगार मनाई असलेल्या परांचीवर लाल निशाण ओलांडून स्वतःहून चढली. दिलेला सुरक्षा बेल्ट तिने लावलेला नव्हता. तोल जाऊन पडली. कंपनीने तिला तत्काळ रुग्णालयात पोचवले.'

ओपोलोट : दिलेला बेल्ट?

मुगारुरा : स्टोअरमध्ये उपलब्ध होता. म्हणजे दिलेलाच.

ओपोलोट : आणि तत्काळ! सांगा ना, कशावरून पोचवलीत? स्ट्रेचर होतं का इथं? नव्हतं. मग फळी आणली. सेंट्रिंगची फळी. सोमवारी मी गळा फोडून फळी मागत होतो तेव्हा सगळ्या कंपालात फळी नव्हती. ती पडली आणि एका मिनिटात सापडली! त्या फळीवर बांधून पिकअपमध्ये टाकली तिला.

मुगारुरा : हे बघ, भावनेच्या भरात काम बंद पाडू नकोस. दोनशे माणसं आहेत इथे. उद्या गेटला सील लागलं तर ही माणसं तुझ्याच दारात येऊन बसतील. तिच्या हॉस्पिटलचं कंपनी बघतेय. रिपोर्ट साफ गेला तर पुढेही बघेल. तिचंच भलं आहे यात.

ओपोलोट : तिची चूक आहे असं लिहिण्यात तिचं भलं आहे?

मुगारुरा : शब्दात पकडू नकोस मला.

नाकिटो : साहेब, फडकं कुणी काढलं?

मुगारुरा : कुठलं?

नाकिटो : शिडीवरचं लाल फडकं. रिपोर्टात म्हणता ती ते ओलांडून गेली. मग हिरवं कार्ड तिथे कसं आलं? लाल आणि हिरवं एकाच शिडीवर?

मुगारुरा : कुठे आहे कार्ड?

ओपोलोट : माझ्यापाशी.

मुगारुरा : दे इकडे.

ओपोलोट : घेऊन बघा ना. हात पुढे करून बघा.

मुगारुरा : मिस नाकिटो, ह्याला समजवा. आणि तुम्हीही समजून घ्या. कार्ड बाहेर आलं तर पहिला बळी कुणाचा? माझा नाही. कार्डावर माझं नाव नाही. न चढता सही कुणी केली, हे तो माणूस विचारणार. मी तुम्हाला वाचवतोय इथे.

नाकिटो : तारीख कुणाच्या अक्षरात आहे?

मुगारुरा : अक्षर कोण बघतंय? सही बघतात.

नाकिटो : बरोबर. सहीच बघतात. म्हणूनच घेऊन ठेवल्या होत्यात ना दहा?

मुगारुरा : आवाज खाली.

नाकिटो : का? वर्षभर खालीच होता की! पत्र लिहायचं, उत्तर नाही, गप्प. हेड ऑफिसला उभं केलं, गप्प. मला वाटायचं, मी निदान लिहिते तरी आहे, माझे हात स्वच्छ आहेत. आणि तुम्ही माझ्याच हातानं शिडी उघडलीत! न्या तो तुमचा कागद. मी माझा वेगळा लिहिणार आहे.

मुगारुरा : काय लिहिणार?

नाकिटो : सोमवारी कोऱ्या कार्डांवर सह्या केल्या. चढले नाही, बघितलं नाही. फळ्या कुणाच्या सांगण्यावरून निघाल्या. बेल्ट कुठे आहेत, आणि किल्ली कुणाकडे. सगळं.

मुगारुरा : तुमचं लायसन जाईल.

नाकिटो : जाऊ दे.

मुगारुरा : ह्या शहरात कुठलीही कंपनी दारात उभं करणार नाही तुम्हाला. वेड्या आहात का? एका हमाल बाईसाठी?

ओपोलोट : साहेब, आता निघा. मी म्हातारा आहे, पण हातोडा अजून चालतो माझा.

मुगारुरा : धमकी देतोस? ठीक आहे. डायरेक्टरना फोन लावतो. दोघंही थांबा इथेच.

ओपोलोट : थांबलोच आहोत. अकरापर्यंत.

नाकिटो : गेले?

ओपोलोट : गेला. गाडीत बसून बोलतोय. तू लिही.

नाकिटो : लिहितेय.

ओपोलोट : माझंही लिही. मी फक्त फडकं बांधलं म्हणून. बांधलं आणि झटकले हात. शिडीच काढायला हवी होती. दोन खिळे उपटले असते की खाली आली असती. साहेब ओरडेल म्हणून नाही काढली.

नाकिटो : ते कशाला, काका? त्यावरून तुम्हालाच धरतील.

ओपोलोट : धरू देत. तू लिही म्हटलं ना.

नाकिटो : लिहिलं. तिचं पूर्ण नाव काय?

ओपोलोट : आकितेंग स्टेला. वय सव्वीस. 'महिला कामगार' नको.

नाकिटो : नाही लिहिणार. काका, गेटला सील लागलं तर बाहेरची माणसं मला शिव्या घालतील.

ओपोलोट : घालतीलच. मीही घालेन. तू आता खरं लिहितेयस म्हणून मी तुला माफ केलं, असं समजू नकोस.

नाकिटो : नाही समजत.

ओपोलोट : आण, कुठे अंगठा द्यायचा? हं. आणि हे कार्ड याला टाचून ठेव. माझ्या खिशात नको ते.

नाकिटो : तो माणूस येऊन गेला की मी हॉस्पिटलला जाईन म्हणते. भेटू देतील ना?

ओपोलोट : देतील. फळंबिळं नेऊ नकोस, काही खात नाहीये. शुद्धीत आहे पण. पायांचं विचारत राहते. कधी हलतील म्हणून.

नाकिटो : डॉक्टर काय म्हणतात?

ओपोलोट : मणका गेलाय. आता नाही हलायचे.

नाकिटो : तिला कुणी सांगितलंय?

ओपोलोट : नर्स म्हणाली, सूज उतरली की हलतील. नवरा म्हणाला, नाताळपर्यंत नाचशील. मी म्हटलं, पंधरा दिवसांत.

नाकिटो : मी काय सांगू?

ओपोलोट : आधी तिच्याजवळ बस. घाई करू नकोस. मग तिनं विचारलं, तर जे खरं आहे ते सांग.