टकल्याला फुटलेली दाढी

नाही नाही काकू, त्या स्टुलावर नको, इकडे खुर्चीवर बसा. स्टुलाला काही झालेलं नाही, पण तिथे रोज आत्या बसते म्हणून मी जरा — जाऊ दे, तुम्ही खुर्चीवर बसा. येईलच ती. नणंदेकडून परस्पर केस आणायला गेलीय, म्हणजे स्वतःचे नाही, बाहुल्यांचे. आणि तुमच्या लेकीची बाहुली तयार आहे, ती काय, त्या फडक्याखाली. थांबा, हात नका लावू. वाळलीय हो, वाळली नाही असं कुठे म्हटलं मी? या घरात 'हात लावू नकोस' हे दिवसातून चाळीस वेळा मी एकटीच ऐकते, म्हटलं आज दुसऱ्या कुणाला तरी ऐकवावं.

हा वास होय? स्प्रेचा. बाहुलीचं तोंड एका बैठकीत रंगत नाही ना — आधी स्प्रे, मग गालाला खडूची पूड, परत स्प्रे, मग भुवया, परत स्प्रे. तो रंग धरून ठेवतो. तो नसेल तर तुमची लेक दोन पाप्या घेईल आणि बाहुलीची लाली तिच्या नाकाला. तर आमचा नेहमीचा स्प्रे यायचा बंद झाला, दुकानदाराने दुसराच डबा हातात दिला. आणि आत्याचा नव्यावर विश्वास नाही — नव्या डब्यावर नाही, नव्या माणसावर नाही. मी दोन वर्षं झाली इथे राहतेय, तरी अजून नवीच. शाळा? नववीपर्यंत झाली. पुढे शाळेचं आणि माझं पटेना, मग दोघींनी समजुतीने घेतलं. बाबांनी आत्याकडे धाडलं, निदान हाताला वळण लागेल म्हणून. आणि आत्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, एक मोठा उद्योग करून ठेवलास की पिशवी भरून परत बाबांकडे. छोट्या उद्योगांना माफी आहे, ते ती मोजत नाही.

तर नवा स्प्रे पंधरा दिवस तपासायचा असं ठरलं. एक जादा डोकं असतं आमच्याकडे, तुमच्या बाहुलीसारखंच मऊ रबराचं, केस नसलेलं — मी त्याला टकल्या म्हणते — त्याच्यावर मारायचा, खिडकीत ठेवायचा, रोज सकाळी अंगठा दाबून बघायचा, मग कापूस फिरवायचा. कापूस चिकटला नाही की भिंतीवरच्या कागदावर बरोबरची खूण. हे काम माझं. या घरातलं माझं पहिलं खरं काम, केर काढणं सोडून. चार दिवस केलं की मी इमानदारीत. देवाशपथ चार दिवस. पण काकू, बोडकं डोकं रोज समोर बघून माणसाचा हात शिवशिवतो की नाही? पाचव्या दिवशी मी टकल्याला मिश्या काढल्या, आणि काढून बघते तर काय — हुबेहूब खालचे शिंपीकाका. आता असं झाल्यावर ते काकांना दाखवायला नको? नेऊन ठेवला त्यांच्या बटणांच्या ड्रॉवरमध्ये. काकांनी बटणं काढायला हात घातला आणि हातात स्वतःचंच तोंड. ओरडले असे की गिऱ्हाईक माप अर्धवट टाकून पळालं. आणि मग त्यांनी टकल्या परतच दिला नाही — म्हणे राहू दे इथेच, तुझ्या हाती काही द्यायची सोय नाही.

मग? मग काय, मी वर खुणा करत राहिले. टकल्या खाली ड्रॉवरमध्ये, मी वर भिंतीवर बरोबर, बरोबर, बरोबर. अकरा दिवस. चार दिवस चिकटला नाही तो पुढे कशाला चिकटेल, असा हिशोब. आत्याने पंधरा खुणा बघितल्या आणि मला शाबासकी दिली. दोन वर्षांत पहिली. मला ती गोळी गिळल्यासारखी गिळावी लागली. त्याच दिवशी तिने तुमची बाहुली रंगवली, वरून नवा स्प्रे मारला, आणि दोन दिवस नणंदेकडे गेली.

आणि त्याच दुपारी शिंपीकाका जिना चढून वर. हातात टकल्या, आणि टकल्याला दाढी. भरघोस. लाल दोरा, पांढरा दोरा, कापसाचे पुंजके, कपाळाला एक बटण. काका म्हणतात, हा तुझा नवीन चावटपणा का? मी इतकी हसले की पोटात कळ आली. आणि हसता हसता थांबले. कारण ती मी चिकटवली नव्हती. त्याची त्यालाच आली होती. हा स्प्रे आठ-दहा दिवस शहाण्यासारखा राहतो, मग मऊ रबराशी त्याचं बिनसतं आणि सगळं चिकट.

तुमची बाहुली तेव्हा छान कोरडी होती. नेली असती तुम्ही, लेक खूश झाली असती, आठवड्याने दाढी आली असती तुमच्या घरी. आम्हाला काय, म्हणता आलं असतं की मुलांच्या हाताला गूळ-साखर लागलेलीच असते. असा विचार मी पाच मिनिटं केला. खोटं कशाला बोलू, दहा. मग स्पिरिट घेतलं आणि आत्याने रंगवलेलं सगळं तोंड पुसून टाकलं. बाहुलीच्या जुन्या तोंडाचा तुम्ही दिलेला फोटो आत्याच्या पर्समध्ये, पर्स नणंदेकडे. नेहमीच्या स्प्रेचा जुना रिकामा डबा फेकायला ठेवलेला, तो कोमट पाण्यात धरून हलवला तेव्हा तळातून थोडं थोडं निघालं. पुरवून पुरवून मारलं. दोन दिवस जेवायलासुद्धा —

अं? मी पुसलं असं म्हटलं का मी? म्हणजे — हो. आता फडकं काढलंच आहे तुम्ही तर बघा. डावी भुवई वर गेलीय ती चूक नाही, पहिल्या दिवशी तुम्हीच आत्याला सांगत होता, माझ्या लहानपणी ही नेहमी काहीतरी विचारतेय अशी दिसायची. मी तेव्हा केर काढत होते. केर काढताना माणसाला फार ऐकू येतं. आवडली नाही तर तसं — आवडली? मग डोळे कशाला पुसताय? बरं, घ्या, पिशवीत घाला, आत्या यायच्या आत — नाही? मी सांगू? तिला? स्वतःहून? अहो, पिशवी भरावी लागेल माझी. तुम्ही सोपं बोलता —

आली. तीच, तिच्या चपलांचा आवाज.

आत्या, आत यायच्या आधी ऐक. ही बाहुली मी रंगवलीय. तू रंगवलेली पुसून. टकल्या अकरा दिवस शिंपीकाकांकडे होता, खुणा खोट्या आहेत, नवा स्प्रे चिकटतो. झालं.

बघतेय. उजेडात नेऊन बघतेय, काकू. — भुवई? मीच. गालही मीच. नाही, कुणी नाही शिकवलं, तुझं बघून. — काय? ओठाखाली सावली? नाही, ती राहिली. मला जमेना म्हणून सोडली. — मी? आत्ता? आणि बिघडलं तर?

काकू, तुम्ही निघा बरं. नाही, बाहुली राहू दे, शनिवारी या. कुणी बघत बसलं की माझा हात हलतो. आणि दार सावकाश लावा, कापूस उडेल.