गुडघ्यांची जागा

मले जुन्या जानमाजांचा शौकीन म्हणू नका गड्यांनो, आता मी एकबी घेत नाही. कापसाचा भाव चढला तवा माह्या हाती पैसा खेळत होता, आन् एलिचपुरात सूत महाग होऊन माग बंद पडले होते. तिथं अमीनाबी नावाच्या आंधळ्या म्हातारीनं नवऱ्यानं इणलेली जानमाज मले इकली. त्यानं जन्मभर तिच्यावरच नमाज पढली, म्हणून गुडघ्यांच्या आन् कपाळाच्या जागी ते झिजली होती.

"कधीमधी हात लावाले येईन," एवढंच अमीनाबी बोलली.

मले वाटलं, चीज चांगली दिसली पाहिजे. रफूगराले देली. त्यानं दोनदा इचारलं, "सगळंच भरू?"

मी म्हटलं, "नव्यासारखी कर."

मंग अमीनाबी अमरावतीले माह्या घरी आली. मी मोठ्या हौसेनं जानमाज समोर अंथरली. तिनं हात फिरवला, पुन्हा फिरवला, बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. मंग घडी करून माह्या हाती देली.

"हे आमची नोहे, भाऊ. आमची आणा."

"हेच हाय, चाची."

ते हळूच म्हणे, "आंधळीशी काहून खोटं बोलता, भाऊ?"