खांद्यावर राहिलेला हात

वैजनाथ : नको रे गयास, खरंच नको. घरोघर चहा पिऊन पोटात नुसतं डबकं झालंय.

गयास : त्यांचा चालला, माझा नक्को व्हय? बरं, बस तरी. उमेदवार झालास म्हणून गादीवाल्याच्या दुकानात उभा राहणार का? आणि हा बेटा कोण?

वैजनाथ : हा केयूर. माझ्या चुलतभावाचा मुलगा. पुण्याहून आलाय. प्रचाराचा सगळा डेटा तोच बघतो.

केयूर : नमस्ते चाचा. उद्याच्या पदयात्रेचं बोलायला आलोय. तुम्ही काकांच्या सोबत तुमच्या मोहल्ल्यात फिरायचं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत.

गयास : आणि गिरणीच्या पुढं?

केयूर : पुढं कॉलनी सुरू होते. तिथं काका एकटे जातील.

गयास : दर इलेक्शनला मी कॉलनीत याच्या दारापर्यंत जातो. उमावहिनी होत्या तवर दोघांना ओवाळायच्या. आधी मला, मग याला. हा रुसायचा.

वैजनाथ : ऊन लई आहे रे. तुझे गुडघे दुखतात म्हणून म्हटलं...

गयास : गिरणीपर्यंत दुखत नाय आणि गिरणी ओलांडली की दुखतात? गुडघ्यांना बी हद्द कळते म्हण की.

वैजनाथ : केयूर, तूच सांग बाबा.

केयूर : चाचा, यात पर्सनल काही नाही. आम्ही वॉर्डात सर्व्हे केला. एकच फोटो दोन प्रकारे दाखवला. काही लोकांना तुम्ही दोघं, काहींना काका एकटे. कॉलनीत काका एकटे दिसले की लोकांना जास्त जवळचे वाटतात. तुमच्या गल्ल्यांत बरोबर उलटं. मग ज्या भागाला जो फोटो पटतो, तो त्या भागाच्या मोबाइलवर जातो. हल्ली सगळेच करतात असं.

गयास : गिऱ्हाईक बघून मी पण अभ्रा बदलतो बेटा. आत कापूस तोच भरतो. बरं, फोटो कोणता? हाच ना?

(गयास मोबाइल पुढं धरतो. वैजनाथ चष्मा लावून बघतो.)

वैजनाथ : हा... हा तुझ्याकडं कसा आला?

गयास : मला आला तो वेगळा. त्यात मी आहे. खाली लिहिलंय, 'सच्चा दोस्त, अपना उमेदवार.' सकाळपासून सगळा मोहल्ला मला सलाम ठोकत होता. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. मग दुपारी आमची सून आली, शाइस्ता. कॉलनीतल्या शाळेत शिकवते ना, तर तुमच्या मशिनीनं तिला कॉलनीचीच धरली. तिला हा आला. पोरीनं मोबाइल माझ्या हातात दिला अन् आत जाऊन रडत बसली. बघ वैजू, नीट बघ. मला पुसलं, पण तुझ्या खांद्यावर हात राहिला माझा.

केयूर : सॉरी चाचा, ही खरंच चूक आहे. घाईत राहून गेलं. संध्याकाळपर्यंत तो हातही काढून टाकतो.

वैजनाथ : गप रे! अरे, हा कायगावच्या घाटावरचा आहे. उमाच्या दहाव्याचा! तुला दुसरा फोटो मिळाला नाही?

केयूर : काका, यातला कुठलाही घे म्हणून तुम्हीच सगळे फोटो दिलेत. चाळिशीपुढच्या बायका ह्याच फोटोवर थांबतात. रस्ते, पाणी, कचरा, सगळं पाठवून बघितलं, कुणी उघडतसुद्धा नाही. तुमचा हा चेहरा बघतात आणि त्यांना वाटतं, हा माणूस खरा आहे.

गयास : रडतोय तो खराच. तुला सांगतो बेटा, तेव्हा काय झालं. पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन चढलं, माणसं ताटकळली. गुरुजी म्हणाले, बाईंचं काही मनात राहिलं असेल, कुणीतरी शब्द द्या. यानं सगळं कबूल केलं. पोरीचं बाळंतपण करीन, तब्येतीला जपीन. कावळा हलेना. हा लेकरासारखा रडायला लागला. मग मीच पुढं झालो. याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, वहिनी, वैजूला मी एकटा पडू देणार नाय.

वैजनाथ : आणि लगेच शिवला.

गयास : हौ. शिवला.

वैजनाथ : चुकलं रे माझं, गयास.

गयास : मग सांग याला. मागं घे म्हणावं तो फोटो.

वैजनाथ : केयूर... मागं घेतला तर?

केयूर : कॉलनी जाईल, काका. मागच्या वेळी तुम्ही तिथंच पडलात. आत्ता कुठं जरा पुढं सरकलोय.

वैजनाथ : मतदान होऊन जाऊ दे रे गयास. मग मी स्वतः भर चौकात तुझा हात धरून सगळ्यांना...

गयास : मला लई लागलं, वैजू. या पोरानं पुसलं त्याचं नाय. तो मला ओळखत नाय. 'मागं घेतला तर' असं तू विचारलंस, त्याचं लागलं.

वैजनाथ : या खेपेला पडलो तर मला पुन्हा कुणी तिकीट देणार नाही. उमा गेली, पोरगी तिच्या घरी. माझ्याकडं दुसरं राहिलंय काय?

गयास : मी होतो ना.

केयूर : काका, निघायला हवं. कॉलनीतल्या बायकांची बैठक आहे.

वैजनाथ : हो. उद्या येशील ना, गयास?

गयास : येईन. गिरणीपर्यंत.

केयूर : चाचा, जाता जाता एक विचारतो. तुमच्या घरची मतं आमच्याकडं 'पक्की' म्हणून आहेत. तशीच राहू द्यायची ना?

गयास : शाइस्ताचं तिला विचार. माझं पक्कं धर.

वैजनाथ : मला ठाऊक होतं. तू मला सोडणार नाहीस.

गयास : तुला नाय देत, वैजू. उमावहिनीच्या नवऱ्याला देतोय.