दिंद्रुडच्या सुनंची गोल साडी

मी मूळची पालीची, बीडच्या अंगाला धरनाजवळ हाय ते गाव. बीड पायाखालचं, म्हनून नवं कापड आमच्याकडं लवकर यायचं, आन माजा बाप लई हौशी, त्या वक्ताला टेरिकॉटचा सदरा, ही मोठाली कॉलर, कानावर केस, आन आईसाठी आन माज्यासाठी बाजारातून नायलॉनच्या साड्या आनायचा, पिवळ्या जांभळ्या फुलांच्या, धुतल्या की घडीभरात वाळायच्या. पाचवारी म्हना, आमी गोल साडी म्हनायचो. मी सातवी शिकले, गोल साडी नेसले, आन लगीन होऊन दिंद्रुडला आले ती नऊवारी लुगड्यात.

सासर मोठं. जमीन, बैलं, गावातलं राजकारन, सगळं मामंजींच्या, म्हंजी सासऱ्यांच्या, हातात. त्यांनी पहिल्याच दिवशी आत्याबाईंना, म्हंजी माज्या सासूला, सांगितलं, की सुनंच्या पेटीतल्या त्या गोल साड्या पेटीतच ऱ्हाऊ द्या, आपल्या घरात लुगडंच. आमचे मालक बापाम्होरं मान वर करत नसत, ते काय बोलनार. मग काय, मी कासोटा घातला, पुढं गाठ मारायची चोळी घातली, डोक्यावरचा पदर दातात धरून ऱ्हायले. एकवीस वर्साची व्हते बगा.

पुढं गावात बालवाडी निघाली. शिकलेली बाई पाहिजे, आन शिकलेली मी एकटीच. मामंजींना वाटलं घराचं नाव व्हतंय, म्हनून मर्जी झाली. आठवड्यातून एकदा माजलगावला बालवाडीच्या बायांच्या शिकवनीला जायचं. तिथं सगळ्या बाया गोल साडीत, हुकाच्या झंपरात, आन मी लुगड्यात गेले तर मागून एकजन म्हनली, आजीबाई आल्या. हसल्या समद्या. काय सांगू तुमाला, ते हसू घरापर्यंत माज्या मागं आलं. आन खरं सांगते, नुसतं हसूच नव्हतं, मला हौस बी व्हतीच, मी आज खोटं कशाला बोलू?

यष्टी थांबायची तिथं रजियाबीचं घर. ती झंपर शिवायची. मी तिला मन सांगितलं, ती म्हनली, इथं बदल आन जा, कुनाला खबर लागनार न्हाई. मग तसंच सुरू झालं. घरून लुगड्यात निघायचं, रजियाबीकडं लुगडं खुंटीला अडकवायचं, परकर, गोल साडी, पुढं निऱ्या, आन गाडी धरायची. येताना परत लुगडं. सा महिने चाललं. दर बारीला भ्या वाटायचं, पन गाडी हलली की लई मोकळं वाटायचं.

आन मग तो दिवस आला. माजलगावहून परत येताना मधल्या गावाला गाडी थांबली आन मामंजी चढले, संगट दोघंजन. मी खिडकीला. ते नेमके माज्याच म्होरच्या बाकावर बसले. मी पदर असा ओढला की नाकाचा शेंडा दिसू नये. त्यांच्या फेट्याचा शेव माज्या हातभर अंतरावर. श्वास बी मोजून घेते मी. कंडक्टर वळखीचा, दर बारीला बाई बाई करनारा, त्याच्याकडं न बगताच तिकीट दाखवलं. त्यातला एक पावना मागं बगून म्हनतो, आजकाल बायांनी काय हे कापड काढलंय, वारं लागलं की अंगाला चिकटतंय. मामंजी मागं न वळता म्हनले, ज्याच्या घरात धाक न्हाई त्याच्या घरातल्या बाया ह्या.

दिंद्रुड आलं. ते उतरले, पन निघून जातील तर कशाला, तिथंच गाडीच्या दारापाशी गप्पा मारत उभे. कंडक्टर म्हनला, बाई, तुमचं गाव. मी मान हलवली, न्हाई म्हनून. गाडी निघाली, म्होरच्या फाट्यावर मी उतरले आन वावरा-वावरातून माघारी चालत आले, ढेकळात चपलेचा अंगठा तुटला, साडीला कुसळं. दिवस कलला व्हता. घरी काय सांगायचं ते मनात जुळवत रजियाबीच्या दारात पाय टाकला.

आत आत्याबाई बसलेल्या. मांडीवर माजं लुगडं.

नंदंचं झंपर शिवायला टाकाय आल्या व्हत्या, आन खुंटीवरचं लुगडं वळखलं, त्यांनीच घेतलेलं ना ते. रजियाबी भिताडाला टेकून उभी. आत्याबाई म्हनल्या, किती दिस झाले. मी म्हनलं, सा महिने. मग म्हनल्या, ह्याच्यात पाय मोकळा पडतो का गं. मी म्हनलं, पडतो. मी लुगड्याला हात घातला तर त्यांनी ते काखंत धरलं. म्हनल्या, आता अशीच चल. लपूनछपून कपडे बदलतीस हे उद्या कुनी बगितलं, तर लोक साडीचं सांगनार न्हाईत, सुनंचंच भलतं सांगतील.

गावातून त्या म्होरं, मी मागं. ओसरीवर मामंजी, आन गाडीतले तेच दोघं चहा पीत. मामंजींनी साडीची फुलं बगितली, मग माजं तोंड बगितलं. पावन्यानं बशी खाली ठेवली. आत्याबाई पायरीवर थांबल्या, उभ्या जल्मात नवऱ्याम्होरं त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता, त्या म्हनल्या, "सुनंला नोकरीला हीच साडी लागती. मीच म्हनले, नेस."

मामंजी उटून वावरात गेले. मला कुनी अडवलं न्हाई, पन त्या दिवसापासून ते माज्याशी कदीच बोलले न्हाईत. ते जाईस्तोवर, नऊ वर्सं. पानी पाहिजे असलं तर भिताडाकडं बगून म्हनायचे, पानी पाहिजे. आत्याबाईंना काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी मला कदी सांगितलं न्हाई. गल्लीतल्या सुना वर्सा-दोन वर्सात गोल साडीत आल्या, पुढं पोरी पंजाबी ड्रेस घालू लागल्या, बाया घरात गाऊन, कुनाला काई वाटेना. एकदा दार लावून आत्याबाईंनी माजी साडी नेसून बगितली, चार पावलं चालल्या, हसल्या, म्हनल्या, लई हलकं लागतंय, भ्या वाटतं गं, आन सोडून ठेवली. मामंजी शेवटी आजारी पडले तवा मीच खाऊ घातलं. खाल्लं त्यांनी. बोलले न्हाईत.

आता मी सत्तरीला आले. मालक गेले, आत्याबाई गेल्या. मुलगा-सून पुन्याला. औंदा भावकीतलं बारसं व्हतं म्हनून दोघं गावी आले, सून जीनमध्ये माडीवरून खाली आली आन म्हनली, आई, अशी आले तर चालंल का, का बदलू? आन बगा, माज्या तोंडात 'न्हाई चालनार' आलं. अगदी जिभंवर. मामंजींच्या आवाजात. मी ते कसं गिळलं मला ठावं. म्हनलं, चल, उशीर व्हतोय. मंडपात शिरताना मान्सं वळून बगत व्हती, तरी मी तिच्या संगटच बसले, उटले न्हाई.

मामंजींचा राग मी धरला न्हाई, आता तर मुळीच न्हाई. पोरींनो, सुखात ऱ्हावा, काय नेसायचं ते नेसा. फकस्त घरात एकमेकींशी बोलत ऱ्हावा.